फुगलेली टाकी: इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि प्लास्टिक
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल देशभर सगळीकडे मिळू लागल्यापासून टाक्यांबद्दलची पत्रं वाढली आहेत. त्यातली बरीचशी प्लास्टिकच्या टाक्यांची आहेत. 'प्लास्टिक' हा शब्द मात्र इथे फसवा आहे, कारण टाक्यांना वापरली जाणारी दोन मुख्य प्लास्टिकं इथेनॉलशी अगदी उलट वागतात. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे. पुढची त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न: माझ्याकडे 2009 सालची इटालियन बनावटीची मोटरसायकल आहे. टाकी प्लास्टिकची. सर्व्हिसिंगला टाकी काढली, पण परत बसवताना पुढचा बोल्ट भोकासमोर येईना. आठ मिलिमीटरचा फरक पडतोय. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की टाकीला घासतं. मेकॅनिक म्हणतो, पट्टा लावून ओढून बसवू. टाकी खरंच वाढते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: वाढते. आणि कृपा करून ती ओढून बसवू नका. फुगलेल्या टाकीत बोल्टचे पितळी इन्सर्ट (आटे असलेल्या छोट्या नळ्या) जिथे बसवलेले असतात तिथे आधीच ताण असतो. ओढलं की चीर तिथूनच जाते आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर गळतं.

कारण असं. या काळातल्या बऱ्याच युरोपीय गाड्यांच्या टाक्या पॉलिअमाइडच्या, म्हणजे नायलॉनच्या आहेत. नायलॉन निवडण्यामागे चांगला हेतू होता. शुद्ध पेट्रोलची वाफ त्यातून फारशी झिरपत नाही, त्यामुळे टाकीवर रंग नीट टिकतो आणि वासही येत नाही. पण नायलॉनच्या रेणूत जागोजागी अमाइड गट असतात आणि त्यांना पाणी व अल्कोहोल धरून ठेवायला आवडतं. इथेनॉल आत शिरतं, रेणूंच्या साखळ्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि भिंत सगळ्या दिशांनी वाढते. नायलॉन 6 नुसत्या पाण्यात बुडवून ठेवलं तरी शेवटी वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी पितं. तुमची टाकी 60 सेंटिमीटर लांब धरली तर आठ मिलिमीटर म्हणजे सव्वा टक्क्याहून थोडी जास्त वाढ झाली. अशा टाकीसाठी हे अगदी नेहमीचं आहे.

अमेरिकेत 2006च्या सुमाराला पेट्रोलमधला एमटीबीई हा घटक काढून त्याजागी इथेनॉल आलं आणि तिथे हा प्रश्न आधी उभा राहिला. डुकाटी या इटालियन मोटरसायकल कंपनीच्या प्लास्टिक टाक्यांबद्दल कॅलिफोर्नियात सामूहिक दावा झाला. तो तडजोडीने मिटला आणि टाक्यांची वॉरंटी वाढवून मिळाली. पण बदलून दिलेली टाकीही त्याच जातीच्या प्लास्टिकची असल्याने काही मालकांच्या टाक्या पुन्हा फुगल्या. म्हणजे नवी टाकी आणली तरी आत तेच पेट्रोल पडणार असेल, तर तुम्ही फक्त मुदत विकत घेता.

एक गैरसमज इथेच दूर करू. 10 टक्के इथेनॉलवरून 20 टक्क्यांवर गेलो म्हणून फुगणं दुप्पट होत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे रेणू अस्वस्थ असतात, बाहेर पडून नायलॉनमध्ये शिरायला उत्सुक असतात. त्यामुळे पाच-दहा टक्क्यांतच बरंचसं नुकसान होऊन जातं आणि पुढची वाढ सावकाश होते. तुमची टाकी ई-20 मुळे अचानक बिघडली असं नाही, ती बरीच आधीपासून फुगत आली असणार.

आता काय करायचं ते सांगतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. उघड्यावर, विस्तवापासून आणि स्विचबोर्डापासून लांब, टाकी पूर्ण रिकामी करा. फ्युएल पंप, लेव्हल सेन्सर आणि झाकणाची संपूर्ण रिंग काढून टाका. पंपाची ओ-रिंगही (गळती रोखणारी रबरी कडी) पेट्रोल पिऊन फुगलेली असते, ती खाचेत परत बसणार नाही. तिला जबरदस्ती न करता नवीनच आणा आणि मागताना फ्लुओरोकार्बन रबराची मागा. जुनी नायट्राइल रबराची असेल तर तिच्या जागी नायट्राइल घेऊ नका.

टाकी पुसून मापं घ्या. पुढच्या भोकापासून मागच्या भोकापर्यंत एक, रुंदीत सर्वात फुगीर जागी एक, आणि काट्यावर वजन. वहीत तारखेसह लिहा. मग टेबलफॅनसारखा साधा वारा पंपाच्या भोकातून आत आणि झाकणाच्या तोंडातून बाहेर असा खेळता ठेवा. पहिले दोन दिवस हे उघड्या गच्चीवर, पंखा लांब ठेवून करा, कारण सुरुवातीला आतून निघणारी वाफ पेट्रोलचीच असते. हीट गन, हेअर ड्रायर, ओव्हन यांच्या वाट्याला जाऊ नका. एक तर वाफ पेटते, दुसरं म्हणजे एका बाजूने तापलेलं प्लास्टिक वाकडं होतं.

घाई इथे उपयोगाची नाही. सुकायला लागणारा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीन मिलिमीटरऐवजी सहा मिलिमीटर जाडीला दुप्पट नाही तर चौपट वेळ लागतो. झाकणाच्या गळ्याशी आणि इन्सर्टच्या आसपास प्लास्टिक जाड असतं, तिथला भाग सर्वांत शेवटी आटतो. दर आठवड्याला वजन करा. सलग दोन आठवडे काट्यावर फरक दिसेनासा झाला की सुकली असं समजा. कधी तीन आठवड्यांत होतं, कधी दोन महिने जातात.

टाकी बहुतेक मूळ मापाजवळ येते, पण तंतोतंत नाही. जी जागा बरीच वर्षं चेसिसला किंवा स्टिअरिंग हेडला दाबून राहिली तिथे प्लास्टिकने कायमचा आकार घेतलेला असतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक उरला तर टाकीचं भोक न वाढवता पुढच्या ब्रॅकेटचं भोक कानशीने लांबट करा आणि मोठा वॉशर घाला. खालचे रबर ग्रोमेट नवे टाका. हँडल घासतं म्हणून हँडलचा स्टॉपर कधीही बदलू नका, ती सुरक्षेची जागा आहे. बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांना नेऊन पाहा. टाकीत आणि हँडलमध्ये किमान करंगळी मावेल एवढी फट हवी, आणि वायरिंगचा जुडगा मध्ये सापडता कामा नये.

आणखी एक जागा तपासा. टाकीखालचे इंधन पाइपचे झटपट जोड या गाड्यांत अनेकदा प्लास्टिकचे असतात. जुने झाले की काढताना मोडतात. टाकी उतरवलीच आहे तर धातूचे बसवून घ्या.

प्रश्न: टाकी नायलॉनची आहे की दुसऱ्या कशाची, हे घरी कसं ओळखायचं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: आधी चुंबक लावा. चिकटलं तर स्टील. नाही चिकटलं तरी लगेच प्लास्टिक म्हणू नका. ॲल्युमिनियमच्या टाक्याही असतात, शिवाय अनेक गाड्यांना स्टीलच्या टाकीवर फक्त प्लास्टिकचं कव्हर असतं. सीट काढून टाकीच्या खालच्या पोटाला लावून बघा.

प्लास्टिकच असेल तर तळाशी साच्याचा छाप शोधा. पीए 6, पीए 12 म्हणजे नायलॉन. पीई, एचडीपीई किंवा एक्सएलपीई म्हणजे पॉलिथिन. हे छाप रोमन अक्षरांत असतात. छाप पुसला असेल तर जोडाच्या कडेला साच्यातून बाहेर आलेली पातळ धार असते, तिथून नखाएवढी कात्रण ब्लेडने काढा आणि पाण्याच्या पेल्यात बुडवून सोडा. पॉलिथिन तरंगतं, नायलॉन बुडतं. कात्रणाला बुडबुडा चिकटलेला नसावा, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. टाकीच्या भिंतीतून मात्र कात्रण काढू नका.

प्रश्न: ऑफरोडिंगसाठी बाहेरून घेतलेली मोठी पॉलिथिनची टाकी बसवली. दोन महिन्यांत स्टिकरखाली बुडबुडे आले. ही पण फुगतेय का? इथेनॉलमुळे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बुडबुड्यांचा दोष इथेनॉलला देता येणार नाही. पॉलिथिनला अल्कोहोल फारसं आवडत नाही, त्याला पेट्रोल आवडतं. पेट्रोलची वाफ भिंतीतून सावकाश बाहेर येते आणि स्टिकरखाली अडकली की बुडबुडा होतो. शुद्ध पेट्रोल असतानाही हे होतच असे. इथेनॉल मिसळल्याने भिंतीतून जाणाऱ्या वाफेचं प्रमाण थोडं वाढतं इतकंच. म्हणून तर मोटारींच्या प्लास्टिक टाक्या एकाच थराच्या नसतात. पॉलिथिनच्या थरांमध्ये ईव्हीओएच नावाचा अडथळ्याचा पातळ थर घातलेला असतो.

पॉलिथिनच्या टाकीवर रंग देऊ नका, टिकणार नाही. स्टिकर हवेच असतील तर बारीक भोकांचे घ्या, म्हणजे वाफेला वाट मिळते. गाडी बंद खोलीत, विशेषतः देवघर किंवा स्वयंपाकघराला लागून असलेल्या जागेत ठेवत असाल तर ती सवय मोडा. समईची ज्योत आणि साचलेली वाफ एकत्र येऊ नयेत.

ही टाकीही पेट्रोल पिऊन एखाद-दोन टक्के वाढते, पण बहुतेक वाढ सुरुवातीच्या काही आठवड्यांत होऊन थांबते. त्यामुळे नवी टाकी आधी सैल बोल्टांवर बसवावी, पेट्रोल भरून दोन-तीन आठवडे ठेवावी, मग शेवटचं आवळावं. आधीच घट्ट आवळलेली टाकी वाढताना स्वतःलाच पिळते.

प्रश्न: माझी रोजची 125 सीसी गाडी आहे, वर सगळं प्लास्टिक दिसतं. मी काळजी करू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: टाकी फुगण्याची नको. रोजच्या वापराच्या भारतीय मोटरसायकलींत टाकी बहुतेक वेळा स्टीलची असते. तुमचा शत्रू फुगवटा नसून गंज आहे. झाकणाचं रबर आणि झाकणाजवळची पाणी वाहून नेणारी नळी साफ ठेवा. गाडी 2023च्या एप्रिलआधीची, म्हणजे बहुधा ई-20 धरून न बनवलेली, असेल तर कार्बोरेटरच्या किंवा इंजेक्टरच्या ओ-रिंगा आणि इंधनाचा पाइप वर्षातून एकदा बघून घ्या. पाइप चिमटीत दाबून पाहा. कडक लागला, बारीक चिरा दिसल्या किंवा बोटाला चिकटला तर बदला.

प्रश्न: आमच्या भागात ऊस आहे, इथेनॉलला आमचा विरोध नाही. पण माझ्या जुन्या परदेशी गाडीसाठी पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल खाली बसवायचं आणि वरचं पेट्रोल वापरायचं, असं एकाने सुचवलं. शिवाय दुकानात 'इथेनॉल नष्ट करणारं' औषध मिळतं. दोन्हींपैकी काय करू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: दोन्ही नको.

बाटलीतलं कोणतंही औषध पेट्रोलमधलं इथेनॉल नष्ट करत नाही. चांगली स्टॅबिलायझर पेट्रोल जुनं होण्याचा वेग कमी करतात, काही गंज रोखतात, तेवढं काम ती करतात. नायलॉनच्या टाकीला त्यांचा उपयोग नाही.

पाणी घालून इथेनॉल काढता येतं हे खरं आहे, पण ते काढल्यावर जे उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल असतं. कंपन्या इथेनॉलचं ऑक्टेन धरूनच मूळ पेट्रोल बनवतात. ते गेलं की जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसणं) सुरू होतं आणि पिस्टनला धोका पोहोचतो. वर लिटरभर पाणी-इथेनॉलचं ज्वलनशील मिश्रण तुमच्या हातात उरतं, ते ओतायचं कुठे? घरात पाच-दहा लिटर पेट्रोल घुसळणं हा आगीशी खेळ आहे.

हीच युक्ती छोट्या प्रमाणात, तपासणीसाठी, मात्र जरूर वापरा. झाकणाचा 100 मिलिलिटरचा काचेचा मोजनळा घ्या. त्यात 10 मिलिलिटर पाणी घ्या, खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका म्हणजे रेषा दिसेल. वर 90 मिलिलिटर पेट्रोल ओता. झाकण लावून मिनिटभर हलवा, मध्ये दोनदा झाकण सैल करून वाफ सोडा. दहा मिनिटं स्थिर ठेवा. खालचा थर 10 वरच राहिला तर इथेनॉल नाही. 19च्या आसपास गेला तर ई-10. 28च्या आसपास गेला तर ई-20. हिशेब सोपा आहे: वाढलेले मिलिलिटर भागिले 90.

बिनइथेनॉलचं पेट्रोल शोधत असाल तर 100 ऑक्टेनचं तपासून पाहा. ते मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं, भाव बराच जास्त असतो. नायलॉनच्या टाकीच्या, महिन्यात चारदाच निघणाऱ्या गाडीला तो खर्च परवडू शकतो. 95 ऑक्टेनचं महाग पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं, असं मात्र धरून चालू नका. कोणतंही घ्या, पहिल्यांदा मोजनळ्याने खात्री करा.

प्रश्न: पावसाळ्यात चार महिने गाडी बंद असते. टाकी काठोकाठ भरून ठेवावी असं सगळे सांगतात. नायलॉनच्या टाकीलाही हेच लागू आहे का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर: नाही, इथे नेमकं उलटं आहे. स्टीलची टाकी भरून ठेवतात कारण हवा नसली की आतला पत्रा गंजत नाही. नायलॉन गंजत नाही, पण भरलेल्या टाकीत चार महिने इथेनॉल पीत बसतं. म्हणून ती रिकामी करावी.

कोकणात मात्र आणखी एक अडचण आहे. युरोप-अमेरिकेतले लोक हिवाळ्यात टाकी उघडी ठेवून सुकवतात, कारण त्यांची हवा कोरडी असते. जुलैत रत्नागिरीत उघडी ठेवलेली टाकी हवेतली ओल पिऊन पुन्हा फुगेल. तेव्हा मे महिन्यातच रिकामी करा, पावसाआधी दोन आठवडे वारा देऊन सुकवा, आत कापडी पिशवीत अर्धा किलो सिलिका जेल दोरी बांधून सोडा आणि झाकण व पंपाचं भोक बंद करा. दोरीचं टोक बाहेर ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात पिशवी आत विसरून पेट्रोल भराल. पंप कोरडा फार काळ राहिला तर तोही अडकू शकतो. तो काढून स्वच्छ, बंद डब्यात ठेवा, आणि बसवताना नवी ओ-रिंग.

प्रश्न: इथे बिनइथेनॉलचं पेट्रोल जवळपास मिळतच नाही. टाकीला आतून इपॉक्सीचा लेप द्यावा का? (एक वाचक, सान होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर: टाकी पूर्ण सुकलेली असेल तरच विचार करा. ओल्या नायलॉनवर लेप दिला तर इथेनॉल भिंतीत कोंडलं जातं, नंतर ते बाहेर येताना लेप सुटतो. लेपाचे पापुद्रे पंपाच्या जाळीत अडकले की गाडी हायवेवर बंद पडते. लेप देऊन झालेली बहुतेक फसगत याच घाईतून होते.

नायलॉनवर इपॉक्सी मुळात नाखुशीनेच चिकटतं. हात पोचेल तिथवर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, साबणपाण्याने धुवा, पुन्हा महिनाभर सुकवा. लेप इंधनाला टिकणारा नोव्होलॅक प्रकारचाच घ्या, साधा गोंद किंवा फरशीचं इपॉक्सी नको. हवेची नळी आणि ओव्हरफ्लोची नळी रबराच्या बुचांनी बंद करा, काम झाल्यावर त्यात फुंकून मोकळ्या आहेत का बघा. हे विसरलं की टाकीत निर्वात तयार होऊन इंजिन उपाशी राहतं. पंपाच्या फ्लँजची बैठक झाकून ठेवा, तिथे लेपाचा थर चढला तर ओ-रिंग बसणार नाही. उबदार जागी किमान आठवडाभर पक्कं होऊ द्या.

आमचं मत विचाराल तर, त्या मॉडेलसाठी ॲल्युमिनियमची टाकी मिळत असेल तर पैसे तिच्यात घाला. लेप इथेनॉलला हळू करतो, पूर्ण थांबवत नाही.

प्रश्न: जुन्या गाडीला कॅफे रेसरचं रूप देऊन फायबरग्लासची टाकी बनवून घेतली. आतून चिकट वाटते. (एक वाचक, मडगाव)

उत्तर: ती आजच रिकामी करा. फायबरग्लासचं काम बहुधा साध्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये होतं आणि इथेनॉल त्या रेझिनला मऊ करतं. नायलॉन सुकवून परत येतं, हे येत नाही. विरघळलेलं रेझिन पेट्रोलबरोबर कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणि पुढे इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावर जाऊन डांबरासारखं बसतं. थंड इंजिनात व्हॉल्व्ह अडकतो, आणि किक मारताच पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वाकू शकतो. टाकी चालू ठेवली तर इंजिनाचं कामही निघेल.

कार्बोरेटरची वाटी उघडून तपकिरी चिकट थर आहे का पाहा. असेल तर जेट, पाइप, फिल्टर सगळं साफ करा आणि व्हॉल्व्हही तपासून घ्या. टाकीचा आकार आवडत असेल तर तिला कवच म्हणून ठेवा आणि आत पत्र्याची छोटी टाकी बनवून घ्या.

प्रश्न: लडाखला जाताना पाच लिटरचा प्लास्टिक कॅन बरोबर नेतो. लेहला पोचेपर्यंत तो फुटबॉलसारखा फुगतो. हेही इथेनॉलचंच काम का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: हा फुगवटा वाफेचा आहे, प्लास्टिकचा नाही, झाकण उघडलं की उतरतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाजवळ येतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा वाफदाबही साध्यापेक्षा थोडा जास्त असतो. दोन्ही एकत्र आलं की कॅन तट्ट फुगतो.

पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार लिटरच भरा. कॅन इंधनासाठीच बनवलेला एचडीपीईचा हवा, गोडेतेलाचा किंवा पाण्याचा नाही. भरताना तो गाडीवर न ठेवता जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर वीज जमिनीत जाते. सायलेन्सरच्या बाजूला बांधू नका. घाटात चढताना दर थांब्यावर, सावलीत, इंजिन बंद करून, झाकण पाव फेराच सैल करून सुस्कारा थांबेपर्यंत थांबा आणि मगच पूर्ण उघडा.